वाटीभर साय

"आरं, ह्ये दूध हाय का पातेलं धुतल्यालं पानी? साय कुठं हाय, साय?"

आबा ओरडत होते. आमचे आबा लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर ओरडले की करी रोडच्या पुलावर गाडीचे बैल बिथरायचे. 'झालाच पाहिजे'च्या मोर्चात दहा हजार माणसं एकीकडे नि आबा एकीकडे. पोलीस आधी आबांकडे बघायचे. दिवसभर गिरणीत विणायच्या साच्यावर उभं राहून संध्याकाळी तालमीत पन्नास पोरं लोळवणारा माणूस. त्यांना साय अशी लागे की वर रुपया ठेवला तरी बुडता कामा नये. रुपयाचं काय घेऊन बसलात, आबांनी एकदा हातोडा ठेवला होता. तोही बुडला नाही.

तोच माणूस आता खाटेवर पिवळा होऊन पडला होता. मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं : लिव्हर बिघडलंय. तेल, तूप, साय बंद. सरकारी केंद्रावरचं साय काढलेलं बाटलीतलं दूध तेवढं द्या.

"साय काढल्यावर त्यात उरतं काय?" मी विचारलं.

"चरबी गेली, बाकी सगळं उरतं. मांस धरणारं प्रोटीन असतं, हाडांचा चुना असतो. वास आवडत नसेल तर वेलची घाला. वेलचीनं चव येते, ताकद नाही. साखर बेतानं."

आई वेलची-जायफळ घालून दूध उकळी आणि मी पेला पुढे करून थापा मारी. "आबा, हे विलायतेतल्या पैलवानांचं दूध. एका बाटलीत चार म्हशी बसवल्यात. साय मशीननं आत दाबलीय, म्हणून दिसत नाही."

"लेका, तुझ्या थापा ऐकून म्हस आटंल," आबा म्हणत. पण पीत.

तीन आठवडे प्याले. एकदा तर उठून खिडकीपर्यंत गेले, खालून मोर्चा चालला होता म्हणून. मग एका सकाळी मी पेला पुढे केला, तर त्यांनी नुसतं दुधाकडे पाहिलं. ओरडले नाहीत. त्यांचं ओरडणं मला सोसायचं, हे गप्प राहणं सोसेना.

"पोरा," ते हळूच म्हणाले, "येकदाच."

आई नळावर गेली होती. मी धावत कोपऱ्यावरच्या भय्याकडून साय आणली. चांगली काठोकाठ वाटीभर. वर साखर भुरभुरली. आबांनी बोटांनी खाल्ली, बोटं चाटली आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले.

दुपारी उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी आबा गेले.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांकडे गेलो. आईला काही बोललो नव्हतो. दवाखाना रिकामा होईपर्यंत बाकावर बसून राहिलो. जन्मभर राईचा पर्वत करत आलो, त्या दिवशी पहिल्यांदा पर्वताची राई केली.

"डॉक्टर, मी आबांना साय दिली होती," मी म्हणालो. "एक चमचा. त्यानं तर नाही ना झालं?"

डॉक्टर हात धूत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"एका चमच्यानं काही होत नाही."