भोयाचा विलायती चाकू

माझ्या घरात मासा कधी शिजला नाही आणि मी स्वतः कधी गळ पाण्यात टाकला नाही. तरी छप्पन सालापासून पुढची सात-आठ वर्षं मी मासे धरणाऱ्यांचे जुने घडीचे चाकू गोळा करत होतो. प्राथमिक शाळेच्या मास्तरला असा नाद असावा याचं लोकांना हसू यायचं. हसणाऱ्यांना मी नीट उत्तर कधी दिलं नाही, कारण ते मलाही ठाऊक नव्हतं.

पहिला चाकू यवतमाळच्या बाजारात एका जुनं-पुराणं विकणाऱ्याच्या गोणपाटावर मिळाला. त्याला दोन पाती होती. एक साधं. दुसऱ्याच्या पाठीला करवतीसारखे दात आणि टोकाला सापाच्या जिभेसारखी दुभागलेली खाच. विकणाऱ्याला तो कशाचा ते सांगता येईना. डाकबंगल्यावर पूर्वी खानसामा असलेल्या एका म्हाताऱ्याला दाखवला, तर तो म्हणाला, ''दातांनी खवले काढायचे, मास्टरजी. आणि मछलीनं गळाचा काटा गिळला, तर हे टोक घशात घालून काटा ढकलायचा. साहेब लोक डोहावर नेत.'' एवढ्याशा वस्तूत कुणीतरी इतका विचार करून ठेवला होता, याचं मला फार नवल वाटलं. तिथून सुरुवात झाली.

साहेब लोक निघून गेले होते, पण त्यांच्या वस्तू चपराशांकडे, जंगलखात्याच्या शिपायांकडे, मोटार हाकणाऱ्यांकडे राहिल्या होत्या. मी विचारत फिरायचो. पुढे एका रद्दीवाल्याकडे विलायती सामानाचं जुनं सूचीपत्र हाती लागलं. त्यात बंदुका, खोगिरं, छत्र्या, आणि शेवटच्या चार पानांवर चाकूंची चित्रं. ती पानं मी इतकी पाहिली की कडा झिजल्या. अस्सल आणि नक्कल यांतला फरक हळूहळू कळू लागला. अस्सल चाकूच्या पात्याच्या बुडाशी ठसा खोल असतो, पाठीची कमान घट्ट असते, मिटताना एकच आवाज येतो. नकलेचा ठसा वरवरचा, अक्षरांत चूक, आणि पातं मुठीत डुलतं. पंचक्रोशीत माझं नाव झालं, की मास्तरला चाकूतलं समजतं. मलाही ते आवडायचं.

अठ्ठावन्न साली माझी बदली फुलसावंगीच्या पलीकडे, पैनगंगेकडे उतरणाऱ्या एका गावात झाली. नदीच्या पलीकडच्या काठाला लोक अजून निजामाचा मुलूखच म्हणत. गावात नदीवर मासे धरणाऱ्या भोयांची दहा-बारा घरं होती. त्यांतला एक म्हातारा साऱ्या गावाला त्याच्या एका गोष्टीसाठी माहीत होता. तरुणपणी कुणी एक गोरा इंजिनीअर नदी मोजायला आला होता. संध्याकाळी गळ टाकायला डोहाच्या खडकावर उभा राहिला, पाय सटकला आणि भोवऱ्यात गेला. या भोयानं उडी टाकून त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. साहेबानं शुद्धीवर आल्यावर खिशातला चाकू काढून त्याच्या हातात ठेवला. लग्नात, पंगतीत, जाळी विणताना म्हातारा ही गोष्ट सांगायचा, आणि शेवटी कमरेच्या कनवटीतून तो चाकू काढून दाखवायचा.

एकदा दुपारी शाळा सुटल्यावर मी पारावर बसलो होतो. पाच-सहा माणसं होती. कुणीतरी म्हाताऱ्याची थट्टा केली, की चाकू बाजारातलाच असेल. म्हातारा चिडला नाही. त्यानं चाकू माझ्यापुढे धरला.

''गुरुजी, तुमाले समजते म्हनतात. तुमीच सांगा, हा खराच इलायती हाय का?''

मी चाकू उघडला. मूठ सांबरशिंगाची, एका बाजूला मासा मोजायला इंचाच्या खुणा. अंगठ्यानं पात्याच्या बुडाचा गंज पुसला, तर विलायतेतल्या शेफिल्डची अक्षरं आणि त्यांच्या खाली एक बारीक मासा कोरलेला. सूचीपत्राच्या शेवटच्या पानावरचा तोच चाकू. दोन वर्षं मी तो शोधत होतो.

मला वाटलं, खरा आहे असं म्हटलं तर हा माणूस जिवंत असेपर्यंत चाकू सोडणार नाही. एवढंच वाटलं. त्यापुढचा विचार मी केला नाही. चाकू मिटून मी म्हणालो, ''नाही बाबा. देशी नक्कल आहे. चांगली आहे, पण नक्कल.''

पारावर कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं चाकू परत घेतला, हातात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ''असन. साहेबाले तरी काय मालूम.'' मग उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत आला आणि चाकू टेबलावर ठेवला. ''तुमी जमा करता ना? ठेवा. माह्या काय कामाचा आता.'' मी काही द्यायला लागलो, तर त्यानं हात हलवला. ''नकलेचं कायचं घ्यावं?''

मी तो चाकू घरी नेला. घासला, खोबरेल तेल लावलं, इतर चाकूंबरोबर डब्यात ठेवला. आठ दिवस रोज काढून पाहिला. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

पुढे भोयांच्या वस्तीतल्या एका लग्नाला गेलो. पंगतीत परगावच्या पाहुण्यानं म्हाताऱ्याला ती गोष्ट सांगायला सांगितली. तो म्हणाला, ''कायची गोष्ट. लेकराले खेळनं द्यावं, तसा साहेबानं मले एक चाकू देल्ला. मीबी येडा, तीस-पस्तीस वर्सं मिरवत राह्यलो.'' आणि पानावरचा भात कालवू लागला. भोवऱ्याचं, उडीचं, त्यानं एक अक्षर काढलं नाही. चाकूबरोबर त्यानं साहेबाला वाचवणंही सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

''म्हणजे तो खरा होता, अन् तुमाले तवाच माहीत होतं?''

''हो.''

''मंग काहून असं केलं?''

मी चाकूचा डबा पुढे ओढला. ती म्हणाली, ''उद्या जाऊन देऊन या. अन् पारावर सांगा, जसं त्या दिवशी पारावर सांगतलं.''

मी गेलो, पण पारावर नाही. सकाळी नदीवर गेलो. म्हातारा एकटाच जाळं सांधत बसला होता. मी चाकू दिला, सूचीपत्राचं पान उलगडून चित्र दाखवलं. म्हणालो, ''बाबा, माझी पाहण्यात चूक झाली. गंजानं ठसा दिसला नव्हता. हा अस्सल आहे, हे पाहा.''

त्यानं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी माया होती, तीच मला अजून सोसत नाही.

''गुरुजी, तुमी भले मानूस. म्हाताऱ्याचं मन राखून राह्यले. छापलेलं तं कायबी रायते. तुमाले पयल्याच दिवशी समजलं होतं, अन् ते तुमी चारचौघांत खरं सांगतलं. मले राग नाई.''

''नाही बाबा, मी खरंच सांगतो आहे.''

''असन, असन,'' तो म्हणाला आणि सुतळी दातात धरली.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की मला गंजाखालचा ठसा दिसला होता; मला तो चाकू हवा होता म्हणून मी तुझ्याशी खोटं बोललो. हे ऐकून त्यानं कदाचित मला शिवी दिली असती, पण त्याचा विश्वास बसला असता. माझ्या तोंडून 'चूक' हा शब्द निघाला. 'लबाडी' निघाला नाही. शाळेत दीडशे पोरांचा मी गुरुजी होतो, पारावर माझ्या शब्दाला मान होता, तो मला जपायचा होता. चाकू म्हाताऱ्यानं ठेवून घेतला, पण केवळ मला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं म्हणून.

त्रेसष्टमध्ये माझी वणीला बदली झाली. चाकू बघणं तोवर कमी झालंच होतं. कुणी दाखवायला आणला तर मी सांगायचो, आता नीट दिसत नाही. दोन वर्षांनी एका कामासाठी त्या गावाकडे गेलो, तर म्हातारा वारल्याचं कळलं. त्याच्या मुलाकडे जाऊन बसलो. अंगणात तो वाम मासा साफ करत होता, आणि हातात तोच चाकू होता.

''बाचा हाय,'' तो म्हणाला. ''नक्कल हाय, पन धार मस्त रायते.''

तिथं मी पहिल्यांदा पुरं सांगितलं. ठसा दिसला होता इथपासून सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग चाकूचं पातं पाण्यात खळबळलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि बुडाशी बराच वेळ पाहत राहिला. बापासारखंच वाचता त्यालाही येत नव्हतं.

''बा शेवटी बिमार होता, तवा म्या त्याले म्हनलं होतं, साहेबाची गोष्ट सांग, नातवाइले आयकू दे,'' तो म्हणाला. ''तं म्हने, कायले खोट्या गोष्टी.''

मी म्हणालो, ''माझं चुकलं. फार चुकलं.''

''हे बाले सांगाचं होतं, गुरुजी. मले सांगून काय?''

तो रागावून बोलला नाही. त्यानं आत आवाज देऊन चहा ठेवायला सांगितला, आणि चहा होईपर्यंत आम्ही त्या वर्षी नदीला पाणी किती कमी आहे, यावर बोलत बसलो.