खोडलेलं पान

कोथिंबिरीची ओली जुडी सोडली, की त्या वासासरशी मी धाड गावच्या आठवडी बाजारात जाऊन पोचते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी तिथल्या शाळेत नवी शिक्षिका होते. गावात एक इंग्रज लेखिका आल्या होत्या. कितीतरी कादंबऱ्या, प्रवासवर्णनं त्यांच्या नावावर होती. मला इंग्रजी येई, म्हणून मी त्यांची दुभाषी झाले.

भाजी विकणाऱ्या गंगूबाईंसमोर बसून मॅडम वहीत लिहीत होत्या.

"काय लिहून राह्यली व ही?" गंगूबाईंनी मला विचारलं.

मी वाचून सांगितलं, "ही उदास बाई नशिबापुढे मान खाली घालून बसली आहे."

गंगूबाई खळखळून हसल्या. "मी कायले उदास राहू? पाय दुखून राह्यले माये. दोन कोस चालत आली मी. सांगा तिले!"

एवढ्या मोठ्या लेखिकेला चूक कशी सांगायची? पण गंगूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी जसंच्या तसं सांगितलं.

मॅडमनी अख्खं पान खोडलं. "हिला विचारा, परत जाताना मी सोबत चालले तर चालेल का?"

तेव्हा वाटलं, मी पाहुणीचा अपमान केला. त्यांचं मोठेपण मला फार उशिरा कळलं.

ऊन उतरल्यावर दोघी निघाल्या. गंगूबाईंची रिकामी टोपली मॅडमच्या डोक्यावर होती.