सीतालक्ष्मीच्या बागेतले चतुर

माझी बायको सीतालक्ष्मी म्हैसूरच्या एका शाळेत गणिताची टीचर होती. निवृत्त झाल्यावर वर्गातली सगळी शिस्त तिनं बागेला लावली. झेंडू रांगेत, कुंड्या उंचीप्रमाणे आणि नवरा ती सांगेल तिथे.

आमची पुतणी पूजिता कीटकांचा अभ्यास करते. तळ्याकाठी किती प्रकारचे कीटक आणि घरच्या बागांत किती, याची तिची पाहणी चालली होती. “काकू, उद्या तुमची बाग बघते हं,” असा तिचा फोन आला आणि घरात मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी धांदल उडाली. सीतालक्ष्मीनं पानन् पान पुसलं, अळ्या वेचल्या, मुंग्यांच्या वाटेवर हळद टाकली.

पूजिता जाळी घेऊन फिरली आणि तोंड पाडून परत आली. “काकू, इथे काहीच नाही!”

“अय्यो, असणार कसं? आमच्या घरात किडे?” सीतालक्ष्मी खूश.

“शेजारी वनजा आंटीकडे किती सापडले! बाग जिवंत आहे त्यांची.”

“आणि माझी?”

पूजिता जाळी गुंडाळू लागली. वनजाच्या बागेत पाचोळा, फुटके माठ आणि रान माजलेलं. तिला बाग म्हणणं हाच शेजारधर्म. त्या दिवशी सारात मीठ नव्हतं. मी मुकाट्यानं जेवलो.

पूजिताच्या पुढच्या फेरीच्या दिवशी सीतालक्ष्मीला सकाळी लिंगांबुधी तळ्यावर फिरायची हुक्की आली. पिशवीत स्टीलचा डबा दिसला, म्हणून मीही निघालो. ती गवतात शिरली, परत आली, डबा माझ्याजवळ ठेवून पुन्हा गेली. इडलीच्या आशेनं मी झाकण उघडलं, तर एक चतुर थेट नाकावर आला.

“झाकण लावा आधी! सुम्ने, गप्प बसवत नाही का तुम्हाला?” ती गवतातूनच ओरडली. दवानं जड झालेले चतुर ती जाईजुई खुडावी तसे उचलत होती.

बागेत चतुर भिरभिरताना पाहून पूजिता नाचायचीच बाकी राहिली. “काका, हा तांबडा चतुर पाणी सोडून राहत नाही! इथे जमिनीखाली पाणी असणार!” तिनं कॉलेजातून पद्मनाभ सरांना बोलावून घेतलं. सर तुळशीपाशी वाकून म्हणाले, हे छापायला हवं, बागेच्या मालकिणीच्या नावासकट. कुंपणापलीकडून वनजा डोळे विस्फारून ऐकत होती. सीतालक्ष्मीला याहून आणखी काय हवं होतं?

पूजिता लिहू लागली, तशी सीतालक्ष्मी म्हणाली, “थांब. खोड ते. मी तळ्यावरून डब्यातून आणलेत.”

“काकू!”

“कॉपी करून उत्तर बरोबर आलं, तरी मी मार्क देत नाही.” हे तिनं मोठ्यानं, वनजाला ऐकू जाईल असं सांगितलं. सांगताना तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला बायकोचा इतका अभिमान लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

त्यानंतर तिनं पानं पुसणं सोडलं. अळ्या आल्या आणि कडीपत्त्याचं झाड पार बोडकं झालं. कडीपत्त्याविना सांबार खाऊन मी कुरकुरलो, तेव्हा ती वाटी घेऊन वनजाच्या फाटकाशी गेली.

“टीचर, तुमच्याकडं एवढं मोठं झाड हाय की!”

“आहे. पण सध्या त्यावर अळ्या जेवतायत.”

वनजानं हसून एक फांदी तोडून दिली. सीतालक्ष्मीनं ती उलटसुलट करून नीट पाहिली.

“अय्यो वनजा,” ती म्हणाली, “ह्याच्यावर एकसुद्धा अळी नाही?”