कायमच्या पत्त्यावर आलेल्या नोटिसा

बोर्ली पंचतनच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्याला आता बावीस वर्षं झाली. सातबारा, आधार, रेशनकार्ड, फारकतीचे कागद, सगळ्यांच्या घरातलं सगळं मला माहीत असतं, कारण त्याच्या दोन-दोन प्रती ते माझ्याकडूनच काढून नेतात. असल्या दुकानात किस्से साठायला वेळ लागत नाही. गेली तीन-चार वर्षं मात्र साठतायत ते सगळे पार्किंगच्या नोटिसांचे.

आता तुम्ही म्हणाल, ज्या गावात गाडी हवी तिथं लावता येते तिथं पार्किंगची नोटीस कशी येईल? तर आमच्या लोकांची एक खोड आहे. माणूस तीस वर्षं मुंबईत राहील, तिकडे फ्लॅट घेईल, तिकडेच रिटायर होईल, पण फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ दिसला की गावचाच लिहिणार. गाडीचे कागदही गावचे, वडिलांच्या नावावर. मग मॉलच्या, हॉस्पिटलच्या, स्टेशनच्या खाजगी पार्किंगचे पैसे तिकडे थकतात आणि वसुली कंपनीचं पत्र इकडे येतं, म्हाताऱ्या आईबापांच्या हातात. पत्र इंग्रजी. वर लाल अक्षरात ‘फायनल नोटीस’. पहिलंच पत्र असलं तरी फायनल!

ती वाचायला लेले सर आहेत. इथल्याच शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यापासून सकाळी दहा ते बारा माझ्या बाकड्यावर पेपर वाचत बसतात. मलाही त्यांनीच शिकवलंय, म्हणून मला अजून अगं-तुगं करतात. पत्र वाचायचे पैसे आम्ही घेत नाही. झेरॉक्सचे घेतो.

*

द्वारकाआजी एकदा सकाळीच आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी, बीपीच्या गोळ्या आणि कंगवा. तिनं पत्र पुढं केलं. नातवाच्या मोटरसायकलचं होतं, कुठल्या तरी मॉलमधलं.

सर म्हणाले, “आजी, एकशे ऐंशी रुपये मागतायत.”

“ते ऱ्हाऊ दे. गाडी किती वाजता यायची?”

“कुठली गाडी?”

“पोलिसांची.”

शेजारणीनं तिला पत्र वाचून दाखवलं होतं, म्हणे कायदेशीर कारवाई होणार. आजीनं रात्रभर विचार केला, घराची किल्ली भावजयीकडं दिली, चार कोंबड्या शेजारणीच्या हवाली केल्या आणि तुरुंगात जायच्या तयारीनं आली. एवढी शांत बसली होती की मलाच कसंतरी झालं. सरांनी तिला तीनदा समजावलं की यासाठी तुरुंगात कोणी नेत नाही.

पिशवी काखेत मारून ती म्हणाली, “म्हंजे आता कोंबड्या परत मागाय लागतील.”

चारातल्या दोनच परत मिळाल्या. बाकीच्या दोघींचं काय झालं ते शेजारणीनं सांगितलं नाही, पण वास गल्लीभर आला होता.

*

वामनकाकांचं पहिलं पत्र आलं तेव्हा मात्र बाकड्यावर कोणी हसलं नाही.

वामनकाकांची श्रीवर्धनच्या वाटेवर सुपारीची वाडी आहे. वादळात तिच्यातली निम्मी झाडं आडवी झाली. काकू आधीच गेलेल्या. एकुलता मुलगा निलेश पनवेलला नोकरीला होता. त्याचं म्हणणं, मोकळ्या झालेल्या जागेत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधू. काकांचं म्हणणं, झाडंच लावायची. शेवटी दोघांचं जोरात वाजलं आणि काका बोलून गेले, “माझा ऐकायचा नसंल तर या घरात परत पाय टाकू नको.” निलेश गाडी घेऊन गेला तो गेलाच. महिन्याभरात फोन बंद. काका पनवेलला जाऊन आले, तर खोली सोडलेली, नोकरी सोडलेली. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि सांगितलं की मुलगा सज्ञान आहे, आपण होऊन गेलाय, वाट बघा.

चार महिन्यांनी हे पत्र आलं. गाडीचं कर्ज काकांनी काढलेलं, म्हणून गाडी काकांच्या नावावर. पत्रात लिहिलं होतं की ही गाडी पनवेल स्टेशनजवळच्या खाजगी पार्किंगमध्ये चार महिने उभी आहे, मासिक पास केव्हाच संपलाय, भाडं अधिक दंड अधिक वसुलीचा खर्च भरावा. सर आकडा वाचायला लागले तसा काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“गाडी तितंच हाय म्हंतात?”

“हो.”

“न्यायला कोन आला न्हाय?”

“नाही आलं.”

“म्हंजे यायचा हाय,” काका म्हणाले. पत्राची घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

मी म्हटलं, “काका, दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे. कोणालातरी घेऊन जा, पैसे भरा, गाडी घरी आणा. रोज दंड चढतोय.”

“हिकडं आनली तर तो आल्यावर कुटं बघंल, बाय?”

मी मशीन चालू केलं आणि उगाच कोणाच्या तरी रेशनकार्डाच्या चार प्रती काढल्या.

*

इक्बालभाई आमचे पोस्टमन. या सगळ्या नोटिसा त्यांच्याच हातून वाटल्या जातात. भाच्यानं त्यांच्या नावावर गाडी घेतली होती, त्यामुळे एक दिवस त्यांच्याही नावाचं रजिस्टर पत्र आलं. त्यांनी स्वतःच ते थैलीतून काढलं, स्वतःच वहीत चढवलं, स्वतःच्याच पिशवीत टाकलं आणि तीन दिवस गावभर फिरवलं. तिसऱ्या दिवशी ‘घर बंद, मालक भेटत नाहीत’ असा शेरा मारून, खाली सही करून परत पाठवलं.

पोस्टमास्तरांनी विचारलं, “इक्बाल, तू भेटत नाहीस म्हणजे काय?”

“साहेब, मी ड्युटीवर असताना घरी कसा भेटणार?”

*

सुभाष म्हात्रेचं सांगते, पण थोडक्यात, कारण सांगताना अजून माझं डोकं तापतं.

सुभाषनं बायकोला नवी मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. गाडी शेजारच्या खाजगी पार्किंगमध्ये लावली. चौथ्या दिवशी ती गेली. तिला अँब्युलन्सनं घरी आणलं, गाडी तिकडेच राहिली. त्या वेळी गाडीची आठवण कोणाला असते? तेरावं उरकून चौदाव्या दिवशी तो गाडी आणायला गेला. गेट उघडं होतं, कोणी विचारलं नाही, तो निघून आला. दोन महिन्यांनी नोटीस.

उत्तर लेले सरांनी स्वतः लिहिलं. मी त्यांच्या हाताखाली शिकले, पण इतकं चांगलं इंग्रजी त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नव्हतं. मृत्यूचा दाखला जोडला. तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. पहिल्या ओळीत, आपल्या दुःखात सहभागी आहोत. दुसऱ्या ओळीत, मृत्यूचा दाखला ग्राह्य धरता येत नाही, कारण मयत व्यक्ती वाहनाची मालक नाही.

सरांनी चष्मा काढून ठेवला आणि त्या दिवशी पेपर न वाचताच ते घरी गेले. मला वाटत होतं की पत्र लिहिणाऱ्याचं घर शोधून काढावं आणि दारात उभं राहून बोंब मारावी. सुभाषनं पैसे भरले आणि पावती घेऊन माझ्याकडे आला. त्याला लॅमिनेशन करून हवं होतं.

मी करून दिलं.

*

वामनकाकांना दर महिन्याला पत्र येतच राहिलं. ते पत्र घेऊन यायचे, सर वाचायचे, काका तोच प्रश्न विचारायचे आणि गाडी तिथंच आहे म्हटलं की निघून जायचे. तिसऱ्या पत्रानंतर मात्र म्हणाले, “यांना जबाब लिवायचा हाय.”

आम्हाला बरं वाटलं. सर सरसावून बसले. दंड माफ करा, हप्ते पाडून द्या, असं काहीतरी असेल. काका सांगायला लागले, “गाडी हलवू नये. भाडा चालू ठेवावा. तिची चौकशी करायला कोन आला तर त्याला बसवून ठेवावा आनि मला फोन करावा. च्या द्यावा. च्याचं पैसं मी देईन.”

सर चहाशी अडखळले. मग तेही इंग्रजीत लिहिलं. कंपनीचं उत्तर छापील होतं: आपली हरकत मिळाली, आपली हरकत फेटाळण्यात आली आहे.

मग काकांना कंपनीचे फोन सुरू झाले. एक मुलगी फोन करायची. आधी हिंदीत दम द्यायची, मग मराठीत. काका तिचं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, “बाय, तुज्या कम्प्युटरात गाडी हाय ना आत?” ती म्हणायची, “हो, आत दाखवतंय.” काका म्हणायचे, “बरा झाला.” पुढे पुढे त्यांना तिच्या फोनाची वाट बघवेना. तेच तिला फोन करायला लागले. आधी आठवड्यानं, मग दोन दिवसांनी, पावसात एसटी बंद पडली की दिवसातून दोनदा.

आम्ही धाडलेल्या जबाबावर काकांच्या नंबराखाली माझ्या दुकानाचाही नंबर होता. एक दिवस तिचा फोन मला आला. आवाज अगदी कोवळा, माझ्या भाचीएवढी असेल.

“मॅडम, तुमच्या त्या काकांना सांगाल का, मला फोन करू नका म्हणून? मला रोज ‘तो आला का’ विचारतात. मला रात्री झोप येत नाही.”

वसुलीवालीच म्हणते, फोन करू नका! बाकड्यावर हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. काका तिथंच बसले होते हे मला उशिरा दिसलं. त्यांनी फोन करणं बंद केलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

*

आठव्या महिन्यात आलेलं पत्र खरोखरच फायनल होतं. तीस दिवसांत भरणा न झाल्यास गाडी उचलून भंगारात देण्यात येईल. सरांनी ते दोनदा वाचलं. काका उठून उभे राहिले. “उद्या जाऊ,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो, काका, सर आणि मी. काकांच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात त्या वर्षीच्या सुपारीचे सगळे पैसे. माणगावला सरांनी चहा आणला, तो काकांनी नुसता हातात धरला.

पार्किंग म्हणजे पत्र्यानं घेरलेलं मैदान. मॅनेजर टेबलफॅनपुढे बसला होता. पैसे बघून त्याचा चेहराच बदलला. त्यानं दोनदा मोजले, पावती फाडली, वर हजार रुपये सोडलेही. “काका, आपला हिसाब क्लियर. गाडी कधीपण काढा.”

काकांनी पिशवीतून उरलेले पैसे काढले. “आता वर्साचा पास द्या.”

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं. सर मैदानाकडे बघत होते.

“अहो, गाडी न्यायला आलात ना?”

“वर्साचा द्या,” काका म्हणाले.

पास घेऊन आम्ही गाडीपाशी गेलो. अगदी मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी होती. पांढरी गाडी मातीच्या रंगाची झालेली, पुढचं एक चाक बसलेलं. काकांनी दुसरी किल्ली लावून दार उघडलं. आत बसले नाहीत. रुमालानं पुढची काच आतून-बाहेरून पुसली आणि मॅनेजरला म्हणाले, “हिचा तोंड गेटाकडं करून द्या.”

“बॅटरी डाऊन आहे, काका. स्टार्ट नाही होणार.”

“मंग ढकलू.”

मॅनेजरनं वॉचमनला हाक मारून स्टिअरिंगवर बसवलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मागं येऊन उभा राहिला. एका बाजूला सर, एका बाजूला मी, मध्ये मॅनेजर आणि काका. बसलेल्या चाकामुळे गाडी जड जात होती. पुढं, मागं, पुन्हा पुढं, असं करत अर्ध्या तासानं ती वळली. आम्ही घामानं निथळत होतो. सर भिंतीला टेकून उभे राहिले.

काका चालत थेट गेटपर्यंत गेले. बाहेर रस्त्यावर उभं राहून, कोणी आत येताना बघेल तसं, त्यांनी गाडीकडे बघितलं.

“जरा डावीकडं घ्या,” तिथूनच म्हणाले.

आम्ही पुन्हा हात लावला.