शिंगणापूरचा पासवर्ड

आमच्या कामात सगळं सुरळीत चाललं की कुणी फोन करत नाही. फोन येतो तो काहीतरी बिघडल्यावरच, त्यामुळे माझ्याकडे कौतुक कमी आणि किस्से जास्त साठलेत. मी राहात्यात घरी बसून लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमसाठी पॅकेजेस, म्हणजे टाकायला तयार सॉफ्टवेअर, बनवतो. जोडीला शनिशिंगणापूरचा बाप्पू. पगार दोघांनाही नाही, खाज मात्र आहे.

आत्याला एकदा समजावलं. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवतात, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याची स्क्रीन, माऊस, घड्याळ नीट चालावं म्हणून आत गेस्ट टूल्स टाकावी लागतात, ती आम्ही तयार करून देतो. आत्या म्हणाली, "खोट्याचं एवढं करतोस, खऱ्यावरची धूळ कधी पुसणार?"

*

घड्याळावरून आठवलं. एकदा लॅपटॉप मध्येच झोपला, आणि उठला तेव्हा आतल्या खोट्या मशीनचं घड्याळ दोन तास मागे! त्यात पॅकेज तयारच होईना. म्हणे, फाईल भविष्यातली आहे. अर्धा दिवस डोकं आपटून शेवटी मी बाप्पूवरच खेकसलो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, घड्याळ जुळवायचं टूल आपनच बनवतो ना? मग आपल्याच मशीनीत का टाकलं न्हाई?"

*

राजूरला एक सर आहेत, लिनक्स अशाच खोट्या मशीनमध्ये चालवणारे. दोन वर्षं त्यांची स्क्रीन पोस्टकार्डाएवढी दिसायची, आणि ते भिंग धरून मुलांचे पेपर टाईप करायचे. त्यांना वाटायचं, लिनक्स असंच असतं. आमचं पॅकेज टाकलं आणि स्क्रीन भरली. सरांनी भिंग स्क्रीनवरून बाजूला घेतलं. मग विचारलं, "भिंग ठेवून देऊ का आता?" तेव्हापासून लिनक्सची नवी आवृत्ती निघायची म्हटलं की त्यांचा फोन ठरलेला, यंदा आहे ना आपलं पॅकेज?

*

पॅकेज लिनक्सवाल्यांकडे पाठवताना डिजिटल सही लागते. ती फक्त माझ्या आणि बाप्पूच्या लॅपटॉपवर. बाप्पूच्या सहीला पासवर्डच नव्हता! मी वर्षभर ओरडत होतो. त्याचं एकच, "आमच्या घराला दार न्हाई दादा, याला कशाला कुलूप?" शेवटी शपथ घातली तेव्हा लावला.

*

आणि यंदा नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर, पॅकेज चालेना. शुक्रवारी सहापर्यंत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर या आवृत्तीतून काढतो, अशी लिनक्सवाल्यांची नोटीस आली. म्हणजे सरांच्या हातात पुन्हा भिंग. दुरुस्ती गुरुवारीच नेटवर चढवली, सही तेवढी राहिली. शुक्रवारी दुपारी व्होल्टेज वाढलं आणि माझा लॅपटॉप जळाला. बाप्पू लग्नाला गेलेला, फोन बंद.

गाडीला किक मारली ती थेट शिंगणापूर. पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. बाप्पूचा लॅपटॉप बाजेवरच पडलेला. नेटवरून दुरुस्ती उतरवली, सही करायला गेलो, तर पासवर्ड मागतोय! माझ्याच हट्टानं लावलेला, आणि मलाच ठाऊक नाही. बाप्पूला पुन्हा फोन लावला, बंदच.

बाप्पूची आई पाणी घेऊन आली. "अडलं व्हय? दादानं लई हट्ट धरला म्हनून कुलूप लावलंय म्हनला. पर आल्यागेल्याची अडचन नको, म्हनून लिहून ठिवलंय." तिनं लॅपटॉप उलटा केला. खाली चिकटवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरात पासवर्ड होता.

पाच पन्नासला पॅकेज पाठवलं, सरांना फोन केला. मग कागदाकडे पुन्हा लक्ष गेलं. पासवर्डच्या खाली अजून एक ओळ होती.

"दादाला सांगू नये."