ढिगाऱ्याला लावलेला कान

माझ्या भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, आणि बारशाला नाव ठेवायचा मान माझा, कारण मी एकुलती एक आत्या. साऱ्या घराला आनंद झाला होता. मलाही झाला होता. फक्त ते काम माझ्याच्याने होणार नाही हे मला कळून चुकलं होतं आणि ते कुणाला सांगावं कसं, हे कळत नव्हतं.

बाळाच्या कानाशी वाकायचं, तोंड जवळ न्यायचं आणि हळूच नाव सांगायचं. एवढंच तर असतं. पण गेल्या पावसाळ्यात मी अशीच वाकून ढिगाऱ्याच्या फटींमध्ये हाका मारून आले होते.

मी वारज्याला राहणारी, नोकरी करणारी बाई. आमचा डोंगर चढणाऱ्यांचा एक गट आहे. रविवारी खडकवासल्याच्या पुढे दोर लावून सराव करतो आणि कुठे दरड कोसळली की मदतीला जातो. शेजारणी याला हौस म्हणतात. पुण्यात एखाद्या गोष्टीला हौस म्हटलं की विषय संपतो.

दरडीवर काम करायची एक रीत असते. पोकलेन धडधडत असतं, फावडी चालू असतात, माणसं ओरडत असतात. मध्येच आमचे प्रमुख हात वर करतात आणि सगळं थांबतं. खोकला आला तरी दाबायचा. मग एकजण फटीशी तोंड नेऊन ओरडतो, "कोणी आहे का? आवाज द्या." आणि तिथेच कान लावतो. आत कोणी आहे की नाही, हे त्याने सांगायचं. नाही म्हणाला की यंत्रं पुन्हा सुरू.

माझा कान तिखट, म्हणून मलाच पुढे करत. गेल्या पावसाळ्यात दरडीखाली गेलेल्या एका गावात, एका घराच्या ढिगाऱ्यातल्या फटीशी मी हाक मारली आणि ठकठक ऐकू आली. कुणी बोटाच्या पेराने लाकडावर मारावं तशी. मी म्हटलं, आहे. प्रमुखांनी कान लावला, त्यांना काही ऐकू आलं नाही. आणखी दोघांनी लावला, त्यांनाही नाही. तरी प्रमुख म्हणाले, "बाईंनी ऐकलंय ना? मग खणायचं." खणलं. आडव्या पडलेल्या दाराखाली एक बाई सापडली. डॉक्टर म्हणाले, ही केव्हाच गेली आहे, तुम्ही गावात पोचायच्याही आधी. मग मी ऐकलं ते काय होतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

परत आल्यावर आम्हाला एका समुपदेशकाकडे बसवलं. भला माणूस. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता समोर ठेवून म्हणाला, "यातला आज आपला चेहरा कोणता?" मी मधल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि सुटले.

ठकठक मात्र माझ्याबरोबर घरी आली. कुकरची शिट्टी विरली की यायची, लिफ्टचं दार लागलं की यायची. मी हातातलं टाकून ऐकत उभी राहायची. नवरा आधी काय झालं म्हणून विचारायचा, नंतर मुकाट्याने मिक्सर बंद करून माझ्याशेजारी उभा राहायला लागला. आणि आता बारसं. त्या फटींशी नेलेलं हे तोंड तान्ह्या मुलीच्या कानाशी न्यायचं? आणि मी नाव घेतल्यावर ती नुसती गप्प राहिली तर? तान्ही मुलं हाकेला ओ देत नाहीत, हे मलाही कळतं. पण शहाणपण असल्या वेळी नेमकं माहेरी गेलेलं असतं.

भावाला म्हटलं, चुलत बहिणीला सांग. तो तयार झाला. भावजय म्हणाली, "अहो ताई, आत्या असताना दुसरं कोणी कशाला? तुम्हाला जमत नसेल तर नाव राहू दे तसंच."

बिबवेवाडीतला छोटा हॉल बायकांनी भरला होता. पाळणा म्हणणं चालू होतं, माईक मध्येच शीळ घालत होता, कुणी फोनवर पत्ता समजावत होतं. मी पाळण्याशी वाकले. सुक्या जर्दाळूएवढा कान, आत अंधार. एवढ्या गोंगाटात काय ऐकू येणार, असं वाटलं आणि माझा हात आपोआप वर गेला.

पुण्यातल्या बायका कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसत नाहीत. पण आत्याने हात वर केला म्हणजे काहीतरी शास्त्र असणार, असं त्यांना वाटलं असावं. सगळ्या थांबल्या. मी नाव सांगितलं आणि सवयीने लगेच तिच्या नाकातोंडाशी कान नेला.

दुधाचा वास आला. मग श्वास. बारीक, घाईघाईचा, मध्येच अडून पुन्हा चालू होणारा. मी तशीच वाकून राहिले आणि मला रडू फुटलं. शेवटी एक मावशी म्हणाली, "अगं, कुर्र कोण म्हणणार?" आणि तिने माझ्या पाठीत पहिला धपाटा घातला. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनीच घातले.

जेवणं झाल्यावर भावजय मागच्या खोलीत बाळाला पाजत बसली होती. तिने मला आत बोलावलं, दार लोटायला सांगितलं.

"ताई, तुम्ही तिचा श्वास ऐकत होतात ना?"

मी मान हलवली.

"मीपण ऐकते. पंखा बंद करून. यांना सांगितलं नाही, वेडी म्हणतील."

तिचं आधीचं बाळ पोटातच गेलं होतं. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

"त्या वेळी मला हालचाल कळत होती," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, ठोके केव्हाच थांबलेत. मग मला कळत होतं ते काय होतं हो?"

मी तिला दाराखालच्या त्या बाईबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं, ठकठकीसकट.

"तुम्ही निदान हाक तरी मारलीत," ती म्हणाली. "मला तेही करता आलं नाही. त्याला नावच नव्हतं."

"काय ठेवणार होतीस?"

तिने दाराकडे पाहिलं, बाळाला सांभाळत माझ्याजवळ सरकली आणि माझ्या कानात ते नाव सांगितलं.