आबांनी बारला एरंडेल लावलं त्या सकाळी

आमच्या घराण्यात जिम्नॅस्ट एकच झाला, आणि तो मी नव्हे. मी एकदाच पॅरलल बारवर चढलो. उतरवायला दोघं लागले. चुलतभाऊ मात्र पुढे राज्याचा अजिंक्यवीर झाला. रिंग्जवर हात पसरून तो असा स्थिर थांबायचा, की खाली बसल्या बसल्या माझेच खांदे भरून यायचे.

ही गोष्ट त्याआधीची, ऐंशीनंतरच्या वर्षांतली. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आमच्या पारोळ्यात, शाळेच्या हॉलमध्ये होती. भाऊ याआधी दोनदा हुकला होता. आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, बजावलं होतं, "औंदा निवड झाली तर ठीक. नाहीतर सावद्याला मामाकडे जायचं, केळीच्या गाड्या भरायला."

आबा जुने मल्लखांबवाले. खांबाला एरंडेल चोळल्याशिवाय त्यावर चढायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी पॅरलल बारच्या दोन्ही लाकडी दांड्यांना एरंडेल चोळलं. लेकासाठी, जीव ओतून. मी पोचलो तेव्हा दांड्या आरशासारख्या चकाकत होत्या. जाणकाराच्या थाटात मीही म्हटलं, "वा, आबा!"

भाऊने येऊन हात लावला आणि त्याचा चेहराच उतरला.

"आबा, हे काय केलं?"

"लाकूड शे ना ते? मंग त्याले तेल नको का?"

"इथं हात घट्ट बसावा लागतो, आबा. म्हणून तर आम्ही पावडर लावतो."

आबा मटकन खाली बसले.

पंचांनी साबण, राख, पोती, जे मिळेल त्याने दांड्या घासून घेतल्या. पण लाकूड तेल प्यायलं होतं. चिठ्ठीत पहिला नंबर धुळ्याच्या मुलाचा निघाला. भाऊ पुढे झाला.

"सर, पहिला मी जातो."

"हा सराव नाही हं. गुण धरले जातील."

"धरा."

हँडस्टँडमध्ये तो सरळ उभा राहिला आणि उजवा हात सरकला. दंड दांडीवर आपटला. कुणीतरी "आई गं" म्हणालं, बहुधा मीच. पण तो उतरला नाही. तिथूनच झोका घेऊन पुन्हा वर गेला आणि डाव पुरा केला. उतरल्यावर धुळ्याच्या मुलाला म्हणाला, "मधे धरू नको, तिथं निसटतंय." तो मुलगा निर्धास्त खेळला आणि त्या साधनावर पहिला आला.

भाऊचे गुण मात्र गेले होते. उरल्या रिंग्ज. दंडावर काळानिळा वळ, आणि हात पसरलेले. दोऱ्या जरासुद्धा हलल्या नाहीत.

यादी वाचायच्या आधी आबा पंचांपुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, तेल मी लावं. पोरना काही दोष नही."

मोठे पंच हसले. "पहिला जातो म्हणाला ना, तेव्हाच कळलं आम्हाला, तेल कोणी लावलं ते."

यादीत शेवटचं नाव भाऊचं होतं.

तो अंगात सदरा चढवत होता. आबा जवळ गेले. "दुखस का रे?"

"नाही, आबा."

"मंग हात वर कर."

खांद्यापर्यंतसुद्धा हात गेला नाही. भरल्या हॉलमध्ये, पंचांसमोर, आबांनी लेकाच्या सदऱ्याची बटणं एकेक करून लावून दिली.